नांदेड ते लातूर : गल्ल्याच्या कुलपातले कागद

मैत्रिणींनो, सुट्टीत कुठं जायचं याची चर्चा घरोघर सुरू झाली की महाबळेश्वर, कोकण, फार तर तिरुपती एवढीच नावं निघतात. आमच्या मराठवाड्याकडे फारसं कुणी वळत नाही. पाहुणे वेरूळ-अजिंठा बघतात आणि तिथूनच माघारी फिरतात. म्हणून आज तुम्हांला नांदेडहून लातूरला न्यायचं ठरवलं आहे. वाट दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. एस.टी.ने तीन-साडेतीन तास लागतात, आणि मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं निमित्त सांगायला जागा नाही!

गुरुद्वारा, किल्ला, बाजार हे तर दाखवीनच. पण प्रवासात आपल्याला खोली झाडून देणारे, चहा आणून ठेवणारे, आपल्या उष्ट्या कपबशा विसळणारे जे हात असतात, त्यांच्याकडेही या वेळी जरा बघू या. आपण बायकांनी घर चालवलेलं असतं. दुसऱ्यासाठी रांधणं-वाढणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

गोदाकाठचे नांदेड

नांदेडला उतरलात की पहिल्यांदा गुरुद्वाऱ्यात जा. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथे आले आणि इथेच त्यांनी देह ठेवला. ‘माझ्यामागे ग्रंथसाहिब हाच गुरू’ असं त्यांनी सांगितलं तेही इथेच. आज दिसते ती सचखंड हुजूर साहिबची मुख्य वास्तू पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. इथून थेट अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते. स्टेशनावर उतरलं की फेटे, कृपाणी, पंजाबी बोली आणि मधूनच आपली मराठवाडी, ‘कामून आलाव?’ असं सगळं एकदम कानांवर पडतं.

लंगरमध्ये जरूर जेवा. तिथे गावचा पाटील आणि गाडी ओढणारा एकाच पंगतीत बसतात. पोळ्या लाटायला, भांडी घासायला आलेल्या बायका चांगल्या सुखवस्तू घरच्या असतात. आपणही हात धुऊन चार पोळ्या लाटल्या तरी कुणी नाही म्हणत नाही. उष्टी ताटं घासणं हे तिथे कमीपणाचं काम नाही, सेवा आहे. जेवण झाल्यावर नगीना घाटावर, बंदा घाटावर चक्कर मारा. संध्याकाळी गोदावरीवरून वारा येतो, तेव्हा दिवसभराचं ऊन विसरायला होतं.

२००८ साली गुरुतागद्दीला तीनशे वर्षं झाली, त्या निमित्तानं शहराचा चेहरा बदलला. रस्ते रुंदावले, यात्री निवास उभे राहिले आणि त्यांच्या जोडीनं खाजगी लॉजही वाढले. लॉज वाढले म्हणजे माणसं लागणारच. खोल्या झाडायला, चादरी बदलायला, रात्री-बेरात्री गाडीवरून आलेल्या पाहुण्यांना गरम पाणी द्यायला. ही माणसं कुठून येतात? काही मुखेड, कंधार, देगलूरकडची आपलीच लेकरं. बाकीची बिहार, उत्तर प्रदेश आणि पार नेपाळहून आलेली. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली करार झाला, त्यामुळे नेपाळच्या माणसाला इथे यायला पासपोर्ट लागत नाही. त्याच्याजवळ असतं ते त्याच्या देशाचं नागरिकतेचं प्रमाणपत्र. परक्या मुलखात तेवढाच त्याचा आधार.

गेल्या वर्षी घरच्या लग्नासाठी आम्ही एका लॉजवर खोल्या घेतल्या होत्या. चाव्या घ्यायला काउंटरपाशी उभी होते. माझ्यापुढे इंग्लंडहून यात्रेला आलेलं एक शीख कुटुंब होतं. कारकुनानं त्यांचे पासपोर्ट घेतले, नंबर उतरवून घेतले, झेरॉक्स काढली आणि दोन्ही हातांनी परत दिले. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत सरकारला कळवावं लागतं, म्हणून ही लगबग. त्या आजींचा पासपोर्ट क्षणभर सापडेना, तर कारकुनाचा चेहरा उतरला. ‘माताजी, पासपोर्ट म्हणजे जीव. तो जपा,’ असं तो तोडक्या हिंदीत म्हणाला.

आणि पाठीमागे एक पोरगा फरशी पुसत होता. नेपाळचा. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. मी सहज विचारलं, ‘याचे कागद कुठं असतात हो?’

‘ते शेठकडं, ताई. गल्ल्याखालच्या खणात. कुलपात.’

‘का?’

‘न सांगता पळून जातात ना! उचल घेतलेली असते.’

बघा हं. त्याच काउंटरवर पाहुण्याचा पासपोर्ट म्हणजे जीव, आणि त्याच काउंटरच्या खाली फरशी पुसणाऱ्याचा कागद म्हणजे तारण. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याला यात काही वावगं वाटलंच नाही, इतकंच.

उचल म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे

नांदेडहून गाडी निघाली की लोहा लागतं. या टापूत माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांच्या आणि गाढवांच्या बाजारासाठी ती लांबलांबपर्यंत प्रसिद्ध आहे. सवड असेल तर वाट वाकडी करून कंधारचा किल्ला बघा. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं हे गाव. किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे आणि आत फिरताना गर्दीचा त्रास अजिबात नाही. पुढे अहमदपूर, चाकूर करत गाडी लातूरला जाते. दोन्ही बाजूंना तूर आणि सोयाबीन. दिवाळीनंतर गेलात तर याच रस्त्यावर संसार लादलेले ट्रक दिसतील. ही ऊसतोडीला निघालेली माणसं. पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात.

त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. हंगाम संपेपर्यंत अंगावरची उचल फेडायची, फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा जायचं. मराठवाड्यातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. हॉटेलातली तऱ्हा तीच, फक्त कोयत्याच्या जागी फडकं येतं. पोराच्या बापाला गावाकडे पाच-दहा हजार आगाऊ दिलेले असतात. पहिल्या महिन्याचा पगार ‘डिपॉझिट’ म्हणून मालकाजवळ राहतो. फुटलेल्या कपबशीचे पैसे कापले जातात. आणि कागद गल्ल्यात. मग पोरगा जाईल कुठं?

आमची गाडी ज्या ढाब्यावर थांबली, तिथे पाणी आणून देणाऱ्या मुलाला मी वय विचारलं. ‘अठरा’ असं तो इतक्या पटकन म्हणाला, की ते पढवलेलं आहे हे कुणालाही कळावं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. नववीतली पोरं कशी दिसतात हे मला ठाऊक आहे. शाळा कुठवर केली, विचारलं. सातवी. ‘दाखला आहे का तुझ्याजवळ?’ तर म्हणाला, ‘मालकाकडं हाय.’ शाळा सोडल्याचा दाखला! म्हणजे उद्या त्याला वाटलं, परत शाळेत जावं, तर त्याची किल्लीही मालकाच्याच कनवटीला.

हॉटेल-ढाब्यांत आणि घरकामाला चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. पुढे २०१६ साली कायदा बदलला आणि चौदाच्या आतल्या मुलांना जवळजवळ सगळ्याच कामांना मज्जाव झाला; शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावणं यातून वगळलं. पाटीवर ‘येथे बालकामगार नाहीत’ असं लिहिलेलं असतं, आणि पाटीखाली ‘ए बारक्या’ अशी हाक ऐकू येते. असं दिसलं तर मालकाशी भांडत बसू नका, त्याचा राग पोरावर निघतो. १०९८ या नंबरावर फोन लावा. पैसे पडत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

‘कागद ठेवून घेतला, त्यात एवढं काय?’ असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. आमच्या घरी आमचे हे असंच म्हणाले. म्हणून थोडं वाचलं, ते सांगते.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा. आगाऊ पैसे देऊन, त्या बदल्यात माणसाची दुसरीकडे काम करायची किंवा हिंडण्या-फिरण्याची मोकळीक काढून घेणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. साखळदंडच हवा असं नाही. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची मैदानं बांधणाऱ्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं हीसुद्धा घटनेच्या २३ व्या कलमानं मना केलेली वेठच, असा निकाल त्या वेळी लागला. भूक आणि लाचारी यांचीही सक्ती असते, हे न्यायालयानं मान्य केलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं सक्तीच्या मजुरीच्या ज्या अकरा खुणा सांगितल्या आहेत, त्यांत ओळखीचे कागद अडकवून ठेवणं ही एक आहे.

पासपोर्टाचं तर आणखी स्पष्ट आहे. तुमच्या घरी कुणाचा पासपोर्ट असेल तर उघडून बघा. तो भारत सरकारची मालमत्ता आहे असं त्यावर छापलेलं असतं. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातच तसं आहे. पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार फक्त पासपोर्ट अधिकाऱ्याला. पोलीस किंवा सी.बी.आय. यांनासुद्धा तो नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली सांगितलं. जे सी.बी.आय.ला जमत नाही, ते एखाद्या हॉटेलवाल्याला कसं जमावं?

परगावच्या मजुरांसाठी १९७९ साली वेगळा कायदा झाला होता. ठेकेदारानं मजुराला प्रवासखर्च द्यावा, त्याचं पासबुक करून त्याच्याच हाती द्यावं, असं त्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत हा कायदा विलीन झाला. आता प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे कायद्यानं कागद मालकाकडून कामगाराकडे जायला हवा. आपल्याकडे मात्र तो उलटा प्रवास करतो.

आणि हे फक्त हॉटेलातच होतं असं समजू नका. शिकल्या-सवरलेल्यांचीही तीच गत. माझ्या एका मैत्रिणीनं एका खाजगी संस्थेत नोकरी धरली. बी.एड.चं मूळ प्रमाणपत्र ‘ऑफिसात जमा’ करावं लागलं. दुसरीकडे चांगली जागा मिळाली, तेव्हा ते परत मिळवायला तिला सव्वा वर्ष लागलं, तोवर ती जागा गेली. कागद हातून सुटला की शिकलेली बाई आणि फरशी पुसणारा पोरगा यांच्यात फरक राहत नाही.

लातूरची गंजगोलाई आणि खानावळीतली बाई

लातूरला पोचलात की सकाळी आधी सुशीला खा. नाव ऐकून हसू नका! भिजवलेले चुरमुरे, शेंगदाणे, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, वरून लिंबू. पोह्यांपेक्षा हलका आणि पटकन होणारा नाष्टा. चुरमुरे पाण्यातून काढल्याबरोबर घट्ट पिळायचे, नाही तर लगदा होतो, एवढंच ध्यानात ठेवा.

मग गंजगोलाईत जा. मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवती गोल बाजार; त्यातून सोळा रस्ते फुटतात. भांडी, कपडे, सोनं, डाळ, गूळ, ज्याची त्याची गल्ली वेगळी. इथली तूरडाळ नाव कमावून आहे, वर्षाची घेऊन ठेवायला हरकत नाही. १९८२ साली जिल्हा झालेलं हे गाव पुढे ‘लातूर पॅटर्न’मुळे घरोघर माहीत झालं. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी आली ती इथेच. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं. इथली बाई आजही पाण्याचा तांब्या अर्धाच भरून देते. तो कंजूषपणा नव्हे, ती आठवण आहे.

डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली हजारो मुलं इथे राहतात. ट्यूशन एरियात पावलापावलावर वसतिगृहं, मेस, डबेवाले. आपण मुलाला इथे ठेवतो, तेव्हा फी विचारतो, पंखा बघतो, मेसच्या आमटीची चव घेतो. ती आमटी कोण करतं हे विचारत नाही.

माझी भाची इथे अकरावीला आहे. तिच्या मेसच्या मालकीणबाई औशाकडच्या. नवरा गेल्यावर दोन डब्यांपासून सुरुवात केली, आज दीडशे मुली जेवतात. स्वयंपाकघरात एक बिहारचा आचारी, दोन हाताखालच्या बायका आणि एक वाढपी. कागदांचा विषय काढला, तर त्यांनी कपाटातून एक जाड वही आणली. प्रत्येकाच्या नावाचं पान. आधारची झेरॉक्स चिकटवलेली, घरचा फोन, उचल कधी किती दिली, कापली किती, आणि प्रत्येक महिन्याला सही नाही तर अंगठा.

‘आणि मूळ कागद?’ मी विचारलं.

‘ज्याचा त्याच्यापाशी. मला काय करायचेत? आधी मीबी ठेवून घेत होते बाई, सगळेच ठेवतेत म्हणून. एक पोरगं कागद टाकून रातोरात गेलं. पगार थकला होता माझ्याकडून. तवा कळलं, कागदानं माणूस थांबत नसतो. हा आचारी सात वर्षं हाय. कामून? सात तारखेला पगार, मंगळवारी सुट्टी आणि छटपूजेला गावाकडं जायला पंधरा दिवस.’

पंधरा दिवस आचारी नसला तर काय करता, म्हटलं. ‘मी हाय ना!’ असं म्हणून त्यांनी झारा उचलून दाखवला.

धंदा करणाऱ्यांचीही बाजू असते, ती मी नाकारत नाही. उचल घेऊन पळणारे असतात, गल्ल्यातून नोटा उचलणारेही असतात. पण त्यासाठी झेरॉक्स आहे, पोलीस ठाण्यात नोंद आहे, वहीवरची सही आहे. आपल्या दुकानदाराकडे उधारी असते, म्हणून तो आपलं मंगळसूत्र ठेवून घेत नाही.

आपला मुलगा निघाला तेव्हा

आता जरा उलट्या बाजूनं बघू. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या मुलानं हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला आणि त्याला दुबईच्या हॉटेलात वेटरची नोकरी चालून आली. काकू घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. ‘बाई, एजंट म्हणतोय पासपोर्ट आणि दहावीची मूळ मार्कलिस्ट देऊन टाका, काम झाल्यावर मिळेल. देऊ का?’

आम्ही दोघींनी बसून माहिती काढली. ती तुमच्याही कामाची आहे.

परदेशी नोकरीला माणसं पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी जागेवर त्याचं नाव आणि परवान्याचा नंबर बघता येतो. त्याला सेवेचे फार तर ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, आणि पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख मागणारा माणूस गोड बोलत असला तरी त्याला दारातूनच निरोप द्या. नोकरीसाठी जायचं तर व्हिसाही नोकरीचाच हवा. ‘आधी टूरिस्टवर जा, तिथे बदलून देऊ,’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर शिक्का असतो. आखाती देशांसह अठरा देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ही कटकट वाटते, पण तिच्यामुळे पगाराचा करार सरकारी डोळ्यांखालून जातो आणि दहा लाखांचा विमाही होतो. म्हणून मी शाळेत मुलांना सांगते, दहावीची मार्कलिस्ट ही नुसती मार्कांची नसते.

व्हिसाच्या कामासाठी पासपोर्ट काही दिवस द्यावा लागू शकतो हे खरं. पण तो पावती घेऊन द्यायचा आणि तारीख लिहून घ्यायची. मार्कलिस्टची साक्षांकित प्रत चालते, मूळ प्रत घरी. शिवाय पासपोर्टाच्या दोन झेरॉक्स काढा. एक मुलाच्या बॅगेच्या अस्तरात शिवा, एक तुमच्या लुगड्या-साड्यांच्या कपाटात ठेवा. हरवला तर वकिलातीत नंबर सांगता आला पाहिजे.

तिथले कायदेही आता आपल्या बाजूचे आहेत. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानं मालकाला कागद अडकवायला मनाई केली आहे. कतारनं २०१५ च्या कायद्यात यासाठी २५ हजार रियालपर्यंत दंड ठेवला. कायदा आहे म्हणजे सगळं आलबेल असं नाही, हे आपण नांदेडच्या गल्ल्यात पाहिलंच आहे. पण बोट ठेवायला ओळ आहे.

काकूंचा मुलगा गेला. राहण्याच्या जागी पोचल्यावर तिथल्या सुपरवायझरनं सगळ्यांचे पासपोर्ट ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ मागितले. यानं नम्रपणे सांगितलं, ‘माझ्या पेटीला कुलूप आहे.’ दोन दिवस कटकट झाली, मग विषय मिटला. त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा मात्र टूरिस्ट व्हिसावर आलेला. त्याला तोंड उघडायची सोय नव्हती. कागद तर गेलाच, ठरलेल्या पगाराऐवजी निम्म्यावर तो राबत राहिला. शेवटी वकिलातीत जायचं धाडस करून चार महिन्यांनी परत आला. हे ऐकून काकू मला म्हणाल्या, ‘त्या पोराच्या आईनं कसे दिवस काढले असतील हो?’

याहून वाईटही घडलेलं आहे. ‘थायलंडमध्ये कॉम्प्युटरची नोकरी’ म्हणून नेलेल्या मुलांना म्यानमारच्या हद्दीत कोंडून, पासपोर्ट काढून घेऊन, लोकांना फसवायच्या धंद्याला जुंपलं गेलं. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना विमानदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्या सापळ्यात महाराष्ट्रातली मुलंही अडकली होती. शिकलेली, इंग्रजी बोलणारी.

आणि आपलं स्वयंपाकघर?

परदेशातल्या शेठनं आपल्या लेकराचा कागद ठेवला तर आपला जीव वरखाली होतो. तोच जीव मुझफ्फरपूरच्या, नेपाळच्या, मुखेडच्या आईलाही असतो. तिच्या लेखी आपलं नांदेड, आपलं लातूर हेच दुबई.

आणि मैत्रिणींनो, रागावू नका, पण मालकिणी आपणही आहोत. कामवालीनं दोन हजार उचल घेतली म्हणून तिचं रेशनकार्ड ठेवून घेतलेली घरं मी पाहिली आहेत. कुणी चांदीच्या पट्ट्या, कुणी पोराचं बँकेचं पुस्तक. ‘अहो, नाही तर येत नाहीत,’ हे वाक्य त्या लॉजच्या कारकुनाचंच, फक्त आवाज बायकी. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी २०११ साली जागतिक पातळीवर एक करार झाला, त्यात ‘ओळखीचे कागद त्यांच्याच जवळ राहतील’ असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या देशानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण पक्की सही अजून केलेली नाही. सरकार करील तेव्हा करील. आपल्या घरापुरती सही आपण आजच करू शकतो.

काय करायचं? अगदी साध्या गोष्टी. कामवालीचा काही कागद आपल्याकडे असेल तर तो उद्याच परत द्या. हवी तर झेरॉक्स ठेवा. उचलीचा हिशोब दुधाच्या हिशोबासारखा दोन वह्यांत लिहा, एक तिच्याजवळ. तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलीकडून वाचवून घ्या. घरच्या माणसांचं हॉटेल, दुकान, कारखाना असेल, तर एकदा गल्ल्याखालचा खण उघडून बघा. जेवताना हळूच विषय काढा; आपण काढलेला विषय पुरुषमाणसं लगेच नाही म्हणतात, पण दोन दिवसांनी करतात, हा माझा अनुभव आहे.

मुलांच्या मेसची चौकशी करायला जाल तेव्हा आमटीबरोबर आचाऱ्याचीही चौकशी करा. लग्नासाठी लॉज ठरवताना भाव करतोच आपण, तेव्हाच विचारा, ‘तुमच्या पोरांचे कागद त्यांच्याजवळ असतात ना?’ आपलं गिऱ्हाईक मोठं असतं. दहा खोल्या घेणाऱ्या बाईच्या प्रश्नाला मालक उत्तर देतोच.

नांदेड-लातूरला येणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. उन्हाळा टाळा, पाण्याची बाटली सोबत असू द्या. लंगरमध्ये डोकं झाकायला ओढणी किंवा पदर लागतो. खानावळीतून निघताना टेबल पुसणाऱ्याला ‘ए’ न म्हणता त्याचं नाव विचारून हाक मारा. कागद कुलपात असला, तरी नाव त्याच्या ओठांवर असतं. विचारलं की सांगतो.